कव्हरखाली गेलेला पट्टा

भाऊजींनी नवी गाडी घेतली म्हणून आम्ही सगळे नरसोबाच्या वाडीला निघालो होतो. गाडीला झेंडूचा हार, बॉनेटवर कुंकवाचं स्वस्तिक, चाकाखाली लिंबं चिरडून झालेली, आणि आत नव्या सीटकव्हरचा असा उग्र वास की हातकणंगल्यापर्यंत काचा खालीच ठेवायला लागल्या. पुढं भाऊजी आणि माझा नवरा, मागं एका खिडकीला सासूबाई, दुसऱ्या खिडकीला मी आणि धाकटी म्हणून मधे जाऊ, तिच्या मांडीवर सव्वा वर्षाचं बाळ. मी सवयीनं खांद्यामागनं सीटबेल्टचा पट्टा ओढला आणि अडकवायला गेले तर बक्कलच सापडेना. कव्हरवाल्यानं कव्हर असं ताणून बसवलेलं की तिन्ही बक्कलं त्याच्या खाली गेलेली, वरनं चाचपलं की हाताला टणक लागायची पण बाहेर काढायला फटच नाही. माझं बघून जाऊनंपण हळूच सीटच्या कडेत बोटं घातली, तेवढ्यात भाऊजींनी आरशातनं बघितलं आणि म्हणाले, "काय वहिनी, माझ्या ड्रायव्हिंगवर भरवसा न्हाई व्हय? मागं कोण पट्टा लावतंय?" सगळे हसले. जाऊनं बोटं काढून घेतली आणि बाळाच्या टोपीची नाडी बांधत बसली, जी आधीच बांधलेली होती.

ते तिचं बोटं काढून घेणं माझ्या डोक्यातनं अजून जात नाही.

दर्शन छान झालं. घाटावर गार वारा होता, पायाला ओल्या दगडाचा गारवा, सासूबाईंनी संगमाचं पाणी डोळ्याला लावलं, कवठाची बर्फी आणि पेढे घेतले, परत निघेपर्यंत अंधार पडला. आता तो रस्ता सीझनमध्ये कसा असतो ते इकडच्यांना सांगायला नको. ट्रॅक्टरला दोन दोन ट्रॉल्या, वर ऊस असा रचलेला की तो बाहेर किती आलाय हे जवळ गेल्यावरच कळतं, मागं लाल दिवा नाही, रिफ्लेक्टर असला तर चिखलानं माखलेला. शिरोळच्या अलीकडं अशीच एक ट्रॉली एकदम पुढ्यात आली, भाऊजींनी ब्रेक मारला, वेळेवर मारला, ते चालवतात चांगलीच. पण मागच्या काचेपाशी ठेवलेला पेढ्यांचा बॉक्स आमच्या डोक्यावरनं उडून डॅशबोर्डला आपटला आणि पेढे सगळीकडं. जाऊनं बाळाला इतकं घट्ट आवळलं की ते रडायला लागलं. मग पेढे गोळा करण्यात, बाळाला शांत करण्यात, ट्रॅक्टरवाल्याला शिव्या घालण्यात जयसिंगपूर कधी आलं कळलंपण नाही, आणि पट्ट्याचा विषय कुणी काढला नाही.

आमच्याकडं पट्टा लावणं म्हणजे गाडी चालवणाऱ्याचा पाणउतारा असतो. पुढं बसलेल्यानं लावला तर तो पोलिसासाठी, इतपत आता चालतं. तावडे हॉटेलपाशी हायवेवरनं आत वळताना, नाहीतर किणीचा टोलनाका जवळ आला की सगळ्या गाड्यांत एकच हालचाल होते, खांद्यावरनं पट्टा येतो, काहीजण तर अडकवतही नाहीत, नुसता मांडीजवळ हातात धरून बसतात आणि पोलीस मागं पडला की सोडून देतात, सर्रकन आत जातो. गाडी बीप बीप करत राहते म्हणून बक्कलमध्ये अडकवायची नुसती रिकामी क्लिप मिळायची, ऑनलाइन मिळायची, देवाच्या चित्रासकट मिळायची. मे २०२३ मध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणानं पाच ऑनलाइन कंपन्यांना त्या काढायला लावल्या तेव्हा विक्रीला लावलेल्या अशा १३,११८ जाहिराती निघाल्या. म्हणजे आपल्याला वाचवण्यासाठी गाडी ओरडत असते आणि तिचं तोंड बंद करायचा इतका मोठा धंदा उभा राहतो. मला हे वाचून राग आला होता. आता रागापेक्षा जास्त वाटतं की ही क्लिप विकत घेणारा माणूस नक्की कशाला एवढा वैतागला असेल.

कारण त्याची बाजू मला कळत नाही असं नाही. नवऱ्याचे एक वकील मित्र आहेत, ते जेवायला आले की हा विषय हमखास निघतो आणि ते म्हणतात, हेल्मेट असो नाहीतर पट्टा, माझा जीव, माझी गाडी, पेट्रोल मी घालतो, मी दुसऱ्याला धडकत असेन तर पकडा, माझं डोकं फुटलं तर ते माझं डोकं आहे, सरकारनं कशाला मधे पडायचं. आणि खरं सांगू का, ते बोलायला लागले की माझ्यातली कोल्हापूरकर जागी होते. हे गाव कुणी वरनं सांगितलं म्हणून मान हलवणारं नाही. शहरातल्या रस्त्यांवर टोल बसवला त्या वेळी एन. डी. पाटील सरांनी वयाच्या ऐंशीनंतर रस्त्यावर उतरून दाखवलं, गोविंद पानसरे अण्णा होते, चौकाचौकातली साधी माणसं होती, बायका होत्या, आणि वर्षानुवर्षं चिवटपणानं लढून तो टोल घालवला. तो अभिमान मला आहे. "आम्हाला कोण सांगणार" हे वाक्य ऐकलं की मला ते वाईट वाटत नाही, त्यात एक ताठपणा आहे जो मला जपावासा वाटतो.

आणि लहानपण. बाबांची जुनी फियाट होती, तिच्यात पट्टा असेल असं कुणाच्या मनातही यायचं नाही. गगनबावड्याला जायचो पावसाळ्यात, मी आणि भाऊ पुढच्या दोन सीटच्या मधे उभं राहायचो, बाबांच्या खांद्याला धरून, हनुवटी त्यांच्या सीटवर टेकवून, समोर धुकं, वायपरचा घर्र घर्र आवाज, काचेवरनं बाबा फडक्यानं वाफ पुसायचे आणि ते फडकं आम्हाला धरायला द्यायचे. बाबांच्या मानेला तेलाचा आणि तंबाखूचा वास यायचा. आजही माझ्यासाठी प्रवासाचा अर्थ तोच आहे. पट्टा लावून मुलांना सीटवर जखडून बसवते तेव्हा त्यांना हे कधीच मिळणार नाही याचं मला मनापासून वाईट वाटतं, आणि तरीही मी जखडते. दोन्ही एकाच वेळी होतं.

पण "माझा जीव" हे म्हणणं गाडीच्या आत टिकत नाही.

थोडा हिशोब मांडते, कारण मला स्वतःला तो मांडल्यावरच पटलं. ताशी ६० नं जाणारी गाडी एकदम थांबली तर आतल्या माणसाला जो वेग असतो तो १४ मीटरवरनं, म्हणजे चौथ्या मजल्याच्या आसपासनं खाली पडलेल्या माणसाचा वेग. गावातल्या गावात चाललोय म्हणता ना, ताशी ४० धरा, तरी दुसऱ्या मजल्यावरनं. गाडी थांबते, माणूस थांबत नाही, तो तेवढ्याच वेगानं पुढं जातो जोपर्यंत काहीतरी त्याला अडवत नाही. पुढच्याला स्टिअरिंग अडवतं, काच अडवते. मागच्याला काय अडवतं? पुढची सीट. आणि त्या सीटवर माणूस बसलेला असतो. मी बिनपट्ट्याची मागं बसले असेन तर पुढं बसलेल्या माझ्या नवऱ्याच्या पाठीवर जाऊन आदळणारं वजन मीच असते. जपानमधल्या संशोधकांनी तिकडचे खरे अपघात तपासून २००२ मध्ये द लॅन्सेटमध्ये लिहिलं होतं की मागचा माणूस पट्टा न लावता बसला तर पुढच्या पट्टा लावलेल्या माणसाचा मरणाचा धोका जवळपास पाचपट होतो. पुढच्यानं सगळं नीट केलं तरी. वकीलसाहेबांना मी हेच म्हटलं, की भाऊ, तुम्ही मागं बसलात की तुमचं डोकं फक्त तुमचं राहत नाही. ते जेवता जेवता थांबले, मग म्हणाले, मग फक्त मागं सक्ती करा. हसून म्हणाले पण मुद्दा विचारातच घेतला त्यांनी.

बाळाचा हिशोब तर मी करूनच ठेवला होता, त्या पेढ्यांच्या बॉक्सनंतर. दहा किलोचं लेकरू, गाडी ५० च्या वेगात, पुढचा भाग अर्धा मीटर चेपत थांबली असं धरलं, तरी त्या क्षणाला आईच्या हातावर दोनशे किलोच्या आसपास ओढ येते. कुठली आई धरणार? माया कितीही असू दे, मनगटं मनगटंच असतात. "मी धरलंय की घट्ट" असं आपण सगळ्याजणी म्हणतो, माझ्या आईनं म्हटलं, मी म्हटलंय, आणि ते म्हणताना आपण खोटं बोलत नसतो, आपल्याला खरंच तसं वाटत असतं.

हा तीन ठिकाणी अडकणारा पट्टा नील्स बोहलिन नावाच्या स्वीडिश इंजिनिअरनं १९५९ मध्ये वोल्वोसाठी केला. आधी तो लढाऊ विमानात पायलटला सीटसकट बाहेर फेकणारी यंत्रणा करायचा, म्हणजे माणसाचं शरीर किती झटका सोसतं हे त्याला चांगलं माहीत होतं. खांद्यावरनं छातीवर, आणि कंबरेच्या हाडावर, बस, ताण सगळा बरगड्यांच्या पिंजऱ्यावर आणि कंबरेच्या मजबूत हाडांवर. पोटावर नाही. आपल्याकडं साडीचा पदर चुरगळतो म्हणून बायका तो काखेतनं घेतात, पुरुषांच्या शर्टाची इस्त्री मोडते म्हणून सैल धरतात, आणि मग तो पोटावर सरकतो जिथं हाडच नाही. गरोदर बाईनं तर खालची पट्टी पोटाच्या खालनं, मांडीच्या वर घ्यायची असते, हे डोहाळजेवणात इतकं काय काय सांगतात त्यात कुणी सांगत नाही. आणि मला सगळ्यात आवडलेली गोष्ट ही की वोल्वोनं ते पेटंट स्वतःपाशी दाबून ठेवलं नाही, सगळ्या कंपन्यांना वापरू दिलं. आज माझ्या हातात येणारा पट्टा त्यामुळं येतो.

एअरबॅग आहेत की सहा, असं भाऊजी म्हणतात. एअरबॅग पट्टा लावलेल्या माणसासाठी बनवलेली असते, डोळ्याची पापणी लवायच्या आत फुगते, आणि पट्टा नसलेला माणूस तोवर नको तितका पुढं आलेला असतो, मग तीच त्याच्या तोंडावर आदळते. गाडीला आग लागली तर, नदीत गेली तर अडकणार नाही का, हेही विचारतात, पंचगंगेचा पूर बघितलेल्या गावात हा प्रश्न येणारच. पण तसे अपघात एकूणात फार थोडे, आणि पाण्यातनं बाहेर पडायला आधी शुद्धीवर असायला लागतं.

४ सप्टेंबर २०२२ ला पालघरजवळ सूर्या नदीच्या पुलावर सायरस मिस्त्रींची गाडी धडकली. पुढं बसलेले दोघं जखमी झाले पण वाचले, मागं बसलेले दोघं गेले, आणि त्या दोघांनी पट्टे लावले नव्हते. भारी गाडी, सगळी यंत्रणा. त्यानंतर कुठं लोकांना कळलं की मागच्यांनी पट्टा लावायचा नियम आधीपासून पुस्तकात आहे, १००० रुपये दंड आहे, चौदा वर्षांखालच्या मुलांची वेगळी तरतूद आहे. दोन आठवडे सगळीकडं तीच चर्चा, आमच्या सोसायटीतपण, माझ्या ओळखीच्या दोघातिघांनी कव्हरं कापून बक्कलं वर काढून घेतली. मग विरलं. त्याच २०२२ साली देशात पट्टा न लावलेले १६,७१५ लोक गाड्यांच्या अपघातात गेले, हे रस्ते वाहतूक मंत्रालयाच्या अहवालात आहे, आणि त्यातले जवळपास निम्मे गाडी चालवत नव्हते, नुसते बसलेले होते.

नुसते बसलेले. मी ह्या दोन शब्दांपाशी थांबते कारण मला सीपीआरचा, म्हणजे इथल्या सरकारी दवाखान्याचा व्हरांडा आठवतो. एका नातेवाइकासाठी काही रात्री काढल्यात तिथं. अपघाताची केस आली की स्ट्रेचरच्या मागं चपला हातात घेऊन पळणारी माणसं असतात, एक भाऊ फोनवर पैशाचं बघत असतो, एक बाई भिंतीला टेकून बसलेली असते, तिच्या पिशवीत दुसऱ्या कुणाचातरी डबा. वकीलसाहेब म्हणतात ते डोकं फुटतं एकाचं, पण रक्ताच्या बाटल्या शोधत फिरतात पाच जण, नोकरीवर बिनपगारी रजा टाकते बायको, शाळा सुटते पोरीची. घरातलं माणूस अंथरुणाला खिळलं तर बघणारी बहुतेक वेळा बाईच असते आणि तिला तिची मर्जी कुणी विचारलेली नसते.

वाडीहून आल्यावर दोनेक दिवसांनी जाऊ आणि मी स्वयंपाकघरात होतो, ती भाकरी थापत होती, मी मिरच्या निवडत होते, तेव्हा मी सहज विचारलं, तू बक्कल शोधत होतीस ना गं. ती थापता थापताच म्हणाली, "मला लावायचा असतोय हो ताई. बाळ झाल्यापासनं तर पोटात गोळाच येतोय. पण ह्यास्नी बोलायचं म्हणजे आपण अविश्वास दाखवल्यागत होतंय, आणि आईंसमोर तर कसं म्हणू." भाकरी तव्यावर टाकली, पाणी फिरवलं, आणि पुढं म्हणाली, "पोलिसानं एकदा मागचं बघून पावती फाडली असती तर बरं झालं असतं. मग मला बोलायला नसतं लागलं."

हे ऐकल्यावर माझं मत ठरलं. वैयक्तिक निवड म्हणून जे आपण म्हणतो ती आमच्या गाडीत निवड होती तरी कुणाची? जाऊला लावायचा होता, मला लावायचा होता, बाळाला विचारायचा प्रश्नच नाही. निवड फक्त स्टिअरिंगवरच्या माणसाची होती आणि तीही त्यानं विचार करून केली नव्हती, कव्हरवाल्यानं केली होती, आणि बाकी सगळे त्याच्या मानापानाच्या आत बसलो होतो. आणि आपल्याकडच्या बहुतेक गाड्यांत असंच असतं, पाहुणा यजमानाला बोलत नाही, सून सासऱ्याला बोलत नाही, कामावरचा माणूस मालकाला बोलत नाही. अशा ठिकाणी कायदा माझं स्वातंत्र्य घेत नाही, जे मला तोंडानं मागता येत नाही ते तो माझ्या वतीनं मागतो. नियमच आहे बाई, काय करणार, असं म्हणून जाऊ निवांत पट्टा लावेल आणि कुणाचाही अपमान होणार नाही.

ह्या गावाला हे नवीन नाही. शाहू महाराजांनी १९१७ मध्ये करवीर संस्थानात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचं केलं, पोराला शाळेत नाही घातलं तर बापाला महिना एक रुपया दंड, आणि तेव्हाचा रुपया म्हणजे काय ते आजीच्या पिढीला माहीत. त्या वेळीही म्हणणारे असतीलच की माझं पोर, माझी गुरं, शाळेत घालायचं का राखायला पाठवायचं मी बघीन. त्या पोराची मर्जी महाराजांनी धरली. आपण त्यांची जयंती एवढ्या प्रेमानं करतो, दसरा चौकात पुतळ्याला हार घालतो, आणि त्यातली सक्ती आपल्याला कधी टोचली नाही, कारण ती कुणाच्या बाजूची होती हे आपल्याला कळलं.

दंडानं सगळं होईल असं मला वाटत नाही. चौकात आडवा हात करून गाडी बाजूला घ्यायला लावणं, तुटक बोलणं, बाजूला या साहेब चालू होणं, यानं लोकांच्या मनात पट्ट्याबद्दल चीडच बसते आणि ती चीड खोटी नाही. पण बघायचंच असेल तर मागं वाकून बघा, लहान मूल कुणाच्या मांडीवर आहे ते बघा. शोरूममधनं गाडी देताना बक्कलं वर आहेत का ते बघा, कव्हर बसवणाऱ्यांना सांगा. आम्ही आमच्या गाडीचं कव्हर उद्यमनगराच्या बाजूला एका माणसाकडनं कापून घेतलं होतं, त्यानं ब्लेडनं तीन चिरा दिल्या, कडा शिवून दिल्या, अर्धा तास लागला. सासूबाईंची अडचण वेगळी आहे, त्या बुटक्या आहेत आणि पट्टा गळ्याला घासतो, "मला गुदमारतंय, मी न्हाई लावत, मी बसतो तसाच," म्हणतात. ते खोटं नाही, मागच्या सीटला वरचा हूक खालीवर करायची सोय बहुतेक गाड्यांत नसते, बायका आणि म्हातारी माणसं डोळ्यापुढं ठेवून कुणी ती सीट बनवलीय असं वाटत नाही.

आणि एक गोष्ट राहतेच, तिचं उत्तर माझ्यापाशी नाही. हा सगळा वाद ज्यांच्याकडं गाडी आहे त्यांचा. शाहूवाडीकडनं, बावड्याकडनं कॉलेजला येणाऱ्या पोरी वडापनं, म्हणजे माणसं कोंबून भरलेल्या जीपनं येतात. जीपमध्ये मागं समोरासमोर बाकडी, गुडघ्याला गुडघा, मधे दुधाचे कॅन, दाराला दोघं लटकलेले, ड्रायव्हर अर्धा बाहेर बसून चालवतोय. त्यांना पट्टा लावायचा का नको असं कुणी विचारत नाही, गाडीत पट्टाच नाही, आणि ती सोडली तर रात्री घरी कसं पोचायचं हा प्रश्न. त्यांच्यासाठी पट्ट्याचा कायदा काही करत नाही, त्यांना वेळेवर एसटी लागते, संध्याकाळी सहानंतरची. जाऊची मामेबहीण त्याच रस्त्यानं येते, तिला मी गाड्यांच्या वेळा विचारून घेतल्यात, कुठली फेरी बंद झाली, कुठली कधीच वेळेत येत नाही ते सगळं, आणि अर्ज लिहून ठेवलाय, तिच्या वर्गातल्या पोरींच्या सह्या झाल्या की आगारात नेऊन देणार आहे.